घोड्यापुढचं प्यादं, एक घर

समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं
आणि घड्याळाची कळ दाबली,
की मी घोड्यापुढचं प्यादं सरकवते.
वजिराकडच्या घोड्यापुढचं. एकच घर.
कुणी उघड नाक मुरडत नाही,
पण भुवई हलते.

हे मला शिकवलं नेवासकरांनी,
मिलच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं
दुसऱ्यांचे उशीर लिहिलेल्या माणसानं.
मिल बंद पडली, भोंगा गेला,
हे मात्र साडेपाचच्या ठोक्याला जेल रोडवर
होमिओपॅथीच्या दुकानावरच्या खोलीत
पट मांडून हजर,
शेवेचा पुडा फोडून
सगळी मोहरी तेलकट करत.
"पुस्तकात बघितलंस?" म्हणाले,
"आपल्या चालीला दीड पान. दुसरीला चारशे.
चारशे पानांत गर्दी आहे बाई.
दीड पानात जागाच जागा, राहून घे."

तोटे आधी सांगते.
पटाचा मधला चौक दुसऱ्या चालीलाच
त्याच्या नावावर होतो.
माझी मोहरी मागे, दाटीवाटीनं,
एकाच न्हाणीघरापुढे उभ्या लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी.
पहिल्या वर्षी अकरा डाव हरले,
चार तर वीस चालींच्या आत.
नेवासकर शेव चघळत म्हणाले,
"छान हरून राहिली आहेस."
(आमच्याकडे असंच बोलतात.)

पण प्याद्यानं रिकाम्या केलेल्या घरात
माझा उंट येऊन उभा राहतो.
नुसता उभा. तिथून तिरकं,
सबंध पट ओलांडून, त्याला दिसतं
थेट पलीकडच्या राजाच्या उशाशी.
जसा खोलीच्या मागच्या खिडकीतून
दोन गच्च्या, एक पाण्याची टाकी
आणि कुणाच्या तरी वाळत्या परकरांमधून
राजवाड्याचा वरचा मजला दिसायचा.
राजवाड्याला पत्ता नसायचा.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या चालीला
ती गोष्ट घडते,
जिच्यासाठी मी हा बचाव खेळते:
समोरच्याचं पाठांतर संपतं.
सतराच्या पाढ्यात अडकलेल्या मुलासारखा
तो छताकडे बघतो, छतावर काही लिहिलेलं नसतं.
मग पहिल्यांदा पटाकडे.
मग माझ्याकडे.
त्याच्या मागे उभे असलेले पन्नास उस्ताद
खाली चहाला गेलेले असतात.
आता आपण दोघंच, बाळा.
बस नीट.

परवा रामबागेतल्या शाळेच्या हॉलमध्ये
पुण्याचा एक मुलगा आला होता, चौदाचा,
निळी बाटली, टोकदार पेन्सिली दोन.
"काकू, हे काय?"
"प्यादं."
"म्हणजे, याला नाव आहे?"
"असेल."
त्यानं कागदावर माझी चाल लिहिली,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
एकविसाव्या चालीला ते खोडताना मी पाहिलं.
हॉलमध्ये इतकी शांतता होती
की रबराचा आवाज आला.

बरोबरी झाली. जिंकायला हवं होतं मी,
हत्ती एक घर अलीकडे थांबला.
मुलाचे वडील बाहेर भेटले, सज्जन गृहस्थ.
म्हणाले, "ओपनिंग बरोबर नाही हो तुमचं,
इंजिन पहिल्याच चालीला नापास करतं.
आणि मराठी गोड आहे,
फक्त जरा हिंदी वळणाचं."
मी म्हटलं, "दोन्ही चालून राहिलंय."

नेवासकर असते तर हसले नसते.
त्यांना बरोबरी आवडायची नाही.
शेवेची बोटं धोतराला पुसत
त्यांनी तो हत्ती परत जागेवर ठेवला असता
आणि टाइम ऑफिसातलं ते वाक्य ऐकवलं असतं,
जे ते पटापेक्षा मोठ्यानं बोलत:
"वेळेवर येणारा नुसता येतो.
उशिरा येणारा कारण घेऊन येतो."

माझं दुसरं प्यादं चौकात पोचतं
अकराव्या चालीला, कधी बाराव्या.
तोवर बहुतेक त्याचंच घड्याळ चालू असतं.
मी बाटलीतलं पाणी पिते,
सियागंजच्या बेअरिंगच्या दुकानातला हिशेब मनात लावते,
कारण हातात तयार ठेवून.